नाताळच्या झाडावरचे पाळणे

आई,

यंदाचं नाताळचं झाड मी रागारागात पुरं केलंय, आणि तो राग तुझ्यावरचा आहे, हे आधीच सांगून टाकते. तू जाऊन चोवीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांनी गेलेल्या माणसावर काय चिडायचं, असं हे म्हणतात. पेपर वाचता वाचता म्हणतात, त्यांचं काय जातंय! झाड जोडायचं मी, पुसायचं मी, तुझं ते सलाइनच्या बाटल्यांचं खोकं माळ्यावरून उतरवून घ्यायचं मी, आणि त्यातला दोऱ्यांचा गुंता सोडवत दोन दुपारी घालवायच्या त्याही मीच. दरवर्षी ठरवते, पुरे झालं आता. आणि दरवर्षी डिसेंबर लागला की खोकं खाली येतं. भावानं तर केव्हाच हात झटकले. "ताई, तुझ्याकडंच राहू दे ते, तुला त्यातलं कळतं," म्हणाला. कळायचंय काय त्यात डोंबल. पण ही नेहमीची कटकट झाली, यंदाचा राग वेगळा आहे. यंदा तुझं एक वाक्य माझ्या तोंडातून बाहेर पडलं, आणि भावाची लेक चहाचा कप अर्धा ठेवून पुण्याला निघून गेली. आठ दिवस झाले, फोन उचलत नाही, काल तेवढा एक मेसेज. मला लेकरू नाही, तिच्यावरच मी सगळी माया केली, हे तुला वेगळं सांगायला नको. ती यायची थांबली तर हे झाड कुणासाठी लावायचं, तू सांग.

आपलं पहिलं झाड म्हणजे काय, तर बाभळीची फांदी. बाबा गेल्यावर तुझी नर्स म्हणून वरकुट्याच्या उपकेंद्रात बदली झाली तेव्हा मी सहावीत होते. दोन खोल्यांचं क्वार्टर, पुढं ओटा, ओट्यावर लसीकरणाचं बाकडं. अख्ख्या गावात ख्रिस्ती घर आपलं एकच. सुरूचं झाड तिथं कुठलं मिळायला, म्हणून तू कालव्याकडची बाभळीची फांदी आणवलीस, काट्यांची टोकं पट्टी कापायच्या कात्रीनं उडवलीस, भिंतींना लावून उरलेला चुना तिला फासलास आणि गोडेतेलाच्या डब्यात माती भरून ती ओट्यावर उभी केलीस. "हा बर्फ," म्हणालीस. आम्ही दोघा भावंडांनी बर्फ फक्त रसवंतीत बघितलेला. मग तू रिकाम्या वेळात बसून काय काय केलंस! कापसाचे देवदूत, त्यांना गॉजचे पंख. सलाइनच्या नळीचे मासे. इंजेक्शनच्या बाटल्यांची चंदेरी टोपणं दोऱ्यात ओवून माळ. आणि इंदापूरच्या दवाखान्यातून मागून आणलेल्या जुन्या एक्सरेच्या फिल्मचा तारा. तो तारा अजून आहे. उजेडाकडं धरला की त्यात कुणाच्या तरी बरगड्या दिसतात. मला तो लहानपणी आवडायचा नाही, आताही आवडत नाही, पण टाकवतही नाही.

मग तो घोटाळा झाला. आता त्याला गंमत म्हणता येतं, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. जावेच्या बाळाला डोस द्यायला आलेली एक तरणी बाई ओट्यावर झाडासमोर उभी राहिली ती हलेचना. गावाच्या शिवेवर देवीची बाभूळ होती, मूल होत नसलेल्या बायका तिला नवसाचे पाळणे बांधायच्या. वीतभर लाकडी पाळणा, रंगीत दोरी. इथं तर दवाखान्याच्या दारात पांढरी बाभूळ, वर नाना वस्तू लटकलेल्या, आणि बाळंतपणं करणारी बाई आत बसलेली. तिनं सरळ अर्थ लावला. पुढच्या मंगळवारी ती पाळणा, नारळ आणि हळदीकुंकू घेऊन हजर. मी ओट्यावर गणितं सोडवत होते. ती म्हणते, "बाई, हितं बांधलं तर चालंल न्हवं?" मला वाटलं, आता तू तिला समजावशील, बाई गं, हे प्रभूच्या जन्माचं झाड, हे नवसाचं नाही. तू पदराला हात पुसलेस आणि म्हणालीस, "बांध की. पर ह्या झाडाचा नेम हाय एक. सोमवारी नवऱ्याला घिऊन यायचं. दोघांची बी तपासणी व्हायला पायजे." ती म्हणाली, "त्ये न्हाय यायचं बाई. त्यास्नी काय झालंय?" तू म्हणालीस, "मग झाड बी न्हाय पावायचं." आणि आत निघून गेलीस, रजिस्टर भरायला.

सोमवारी तो आला. खाली मान घालून, पण आला. नवसासाठी आलो असं चारचौघांत सांगता येत होतं ना, तपासणीला आलो असं कोण सांगणार? तू त्याला बारामतीच्या डॉक्टरांकडं धाडलंस, गोळ्या चालू झाल्या, आणि पुढच्याच्या पुढच्या नाताळाला ती बाई काखेत पोर घेऊन पाळणा सोडायला आली. मग काय, झाडाचा बोलबाला झाला. सांगवीपासनं बायका यायला लागल्या. तू दोन नियम घालून दिलेस. बांधायचं तर नवऱ्याला आणायचं. आणि बांधलेलं आपण सोडायचं नाही, जिचं तिनं येऊन सोडायचं. ज्या जागेवरचा पाळणा सुटायचा तिथं तू त्या बाळासाठी एक नवीन वस्तू करून टांगायचीस, मागं चिकटपट्टीवर लिहायचीस, 'पिंपळीची, आडवं होतं' किंवा 'धाकटी सून, पहाटे'. इंदापूरहून चर्चचे पाळकसाहेब नाताळाआधीच्या उपासनेला आले आणि तेलाच्या डब्यावरचं हळदीकुंकू बघून थबकले. "सिस्टर, हे पाळणे कसले?" तू म्हणालीस, "पाळणे नाहीत साहेब, पेशंट आहेत." ते मान डोलावून उपासनेला बसले. मी मात्र आठवडाभर तुझ्याशी धड बोलले नव्हते.

ज्यांना मुलं झाली त्यांचे पाळणे सुटले. चार राहिले. त्यातल्या एकीचं काही होणार नाही, हे तुला पक्कं ठाऊक होतं. मोठ्या दवाखान्याचा कागद तू स्वतः वाचला होतास, मला चहा गाळता गाळता सांगितलंही होतंस. तरी दर डिसेंबरला नवी फांदी आली की तिचा पाळणा तू आपल्या हातानं लावायचीस, तोही पुढच्या बाजूला. मी तेव्हा कॉलेजात, मला लई अक्कल. मी म्हणाले, "अगं, हा खोटेपणा नाही का?" तू म्हणालीस, "लटकू दे. तिच्या सासूला तो दिसतोय तोवर तिला कुणी घराबाहेर काढत नाही. सवत आणत नाही. नवस चालू आहे म्हणतात." मला तेव्हा तुझा अभिमान वाटला होता. हे तुला कधी बोलून दाखवलं नाही, आज लिहिते.

आणि म्हणूनच माझ्या वेळचं मला सहन झालं नाही. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. बारामतीच्या शाळेत शिकवत होते, रविवारी चर्चच्या मंडळीतल्या पोरांना बायबलच्या गोष्टी सांगत होते, आणि महिन्याच्या महिन्याला रडत होते. पुण्याला नळ्यांची तपासणी झाली, ऑपरेशन झालं, पुन्हा तपासणी झाली. तो तुझा नोकरीतला शेवटचा नाताळ. मी इंदापूरला स्टँडच्या मागच्या बाजारात उतरून एक पाळणा घेतला, चोरी केल्यासारखा पर्समध्ये घातला आणि वरकुट्याला आले. तू कुणाच्या तरी बाळंतपणाला गेली होतीस. मी भिंतीकडच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही असा, पाळणा बांधला. कुठल्या देवाला बांधला ते मला विचारू नकोस, मला ठाऊक नाही. सकाळी बघते तर फांदी मोकळी. तू स्वैपाकघरात करंज्यांसाठी खोबरं किसत बसलेली. मी दारात उभी राहते आणि विचारते, "पाळणा कुठाय?" तू म्हणतेस, "सोडला." मी विचारते, "का?" तू वर बघत नाहीस. किसणीवरचा हात थांबत नाही. "तुझे रिपोर्ट मी वाचलेत," एवढंच म्हणतेस. आणि थोड्या वेळानं, "पिठाचे गोळे करून घे."

एवढंच. पिठाचे गोळे! मी पिशवी उचलली आणि नाताळाच्या उपासनेलाही न थांबता निघाले. ईस्टरपर्यंत तुझ्याशी बोलले नाही, नंतर बोलले ते भाजीचं आणि औषधांचं. तू रिटायर होऊन आमच्याकडं बारामतीला आलीस, तीन वर्षं एका घरात राहिलो, पण त्या सकाळचा विषय तू काढला नाहीस. अगं, गावच्या बायकांशी तू खोटं बोललीस, वर्षानुवर्षं बोललीस, प्रेमानं बोललीस. मलाच काय ते खरं सांगायचं होतं? माझा पाळणा भिंतीकडं लटकला असता तर तुझं काय बिघडलं असतं? बांधलेलं आपण सोडायचं नाही, हा नियम तुझा होता. तो तू एकदाच मोडलास, तोही पोटच्या पोरीसाठी. ही गोष्ट मी किती जणांना सांगितली असेल! ह्यांना सांगितली, वहिनीला सांगितली, शाळेत बायकांना डबा खाताना सांगितली. सांगून सांगून मी त्यात तरबेज झाले, कुठं थांबायचं तेही कळायला लागलं. "तुझे रिपोर्ट मी वाचलेत" म्हटलं की थांबायचं. ऐकणारी बाई 'अगंबाई' म्हणायची आणि मला बरं वाटायचं.

भावाची लेक ही गोष्ट ऐकतच मोठी झाली. तू गेलीस तेव्हा ती नऊ वर्षांची होती, तुझी आठवण तिला थोडी, माझ्या तोंडून ऐकलेलं जास्त. आता पुण्यात कंपनीत आहे, लग्नाला सहा वर्षं झाली, आणि तीन वेळा ते टेस्ट ट्यूबचं करून झालं. तिसरं दिवाळीत फिसकटलं. ती स्वतःच्या आईला काही सांगत नाही, वहिनी रडत बसते म्हणून. सगळे कागद मला फोनवर पाठवते. मी चष्मा लावून एकेक ओळ वाचते. शेवटच्या कागदावर डॉक्टरांनी काय लिहिलंय ते मला समजलं, तिलाही समजलंय. गेल्या रविवारी ती झाड सजवायला आली. उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं तासभर अडकली होती, तरी हसत आली. आम्ही दोघी हॉलमध्ये जमिनीवर बसलो. ती चिकटपट्ट्या वाचून दाखवत होती. "आत्या, हा नळीचा मासा कुणाचा?" मी म्हटलं, "सांगवीच्या पोराचा. पोर कसलं, त्याला आता टक्कल पडलंय, ट्रॅक्टर विकतो." ती पोटभर हसली. ते चार पाळणे तिनं स्वतः लावले. आता झाड प्लॅस्टिकचं, त्याच्या फांद्या लाकडाच्या वजनानं वाकतात, मग हे उठून तारेनं फांदी वर ओढतात आणि पुन्हा पेपरात तोंड घालतात.

मग तिनं बॅगेतून एक डबी काढली. आत बुडबुड्यांच्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला एक पाळणा. "ऑनलाइन मागवला," म्हणाली. "बघ ना, सागवानी आहे म्हणे." ओठ हसत होते, डोळे नव्हते. "आत्या, बांधू?"

आई, या प्रश्नाची मी सत्तावीस वर्षं वाट बघत होते. कुणी विचारलंच, तर काय म्हणायचं ते माझं ठरलेलं होतं. बांध की. दोन शब्द. तिलाही ठाऊक होतं मी हेच म्हणणार, म्हणून तर ती एवढ्या लांबून तो घेऊन माझ्याकडं आली होती. आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "तुझे रिपोर्ट मी वाचलेत." त्याच आवाजात. हातातला गुंता सोडवता सोडवता, वर न बघता. ह्यांनी पेपर खाली ठेवला. तिनं पाळणा पुन्हा त्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळला, नीट, कडा दुमडून, आणि म्हणाली, "आत्या, ती गोष्ट तूच सांगायचीस ना?" मी चहा टाकला. ती अर्धा प्याली. निघताना मी तिला काय म्हणावं? "ट्रॉल्यांपासून जपून चालव गाडी." माझ्या जिभेला हाड नाही हेच खरं.

तेव्हापासून मी तुझ्याशी भांडतेय. भाजी चिरताना भांडते, कपडे वाळत घालताना भांडते. तू मला बाकी काय दिलंस? तुझा धीर मला नाही आला, तुझा हातगुण नाही आला, बायकांच्या पोटावर हात ठेवून "घाबरू नगं" म्हणायची ती तऱ्हा नाही आली. आलं ते नेमकं हे एक वाक्य, आणि तेही माझ्या नकळत, घडी घालून ठेवल्यासारखं जिभेखाली पडून होतं. ह्यांना मी म्हटलं, "आईनंच माझं वाटोळं केलंय." हे म्हणाले, "आता तू पोरीचं करू नकोस." एरवी तोंडातून शब्द फुटत नाही या माणसाच्या.

आता एक सांगते, जे मी त्या गोष्टीत कधीच सांगितलं नाही. त्या सकाळी मी रागानं निघाले, तरातरा चालत फाट्यावर आले, इंदापूरला पोचले. बारामतीच्या गाडीला तासभर होता. मी स्टँडवर एक प्लेट भजी मागवली, ती संपवली, आणि दुसरी मागवली. कित्येक महिन्यांत मला अशी भूक लागली नव्हती. गाडीत खिडकीला डोकं टेकलं ते थेट बारामतीच्या स्टँडवर कंडक्टरनं उठवलं. पुढच्या महिन्यात मी दिवस मोजले नाहीत. नऊ वर्षांत पहिल्यांदा मोजले नाहीत. मला हलकं वाटलं होतं, आई. डॉक्टर 'बघू, अजून एकदा करू' म्हणायचे, सासूबाई 'प्रार्थना करू' म्हणायच्या, हे काहीच म्हणायचे नाहीत. थांब असं कुणीच म्हणत नव्हतं, आणि मला थांबायचं होतं. पण मीच थांबले असते तर ती माझी हार झाली असती. तू सोडवलंस म्हणून मला तुझ्यावर रागावता आलं, आणि रागाच्या आडून सुटताही आलं. ते भज्यांचं मी कुणालाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर गोष्ट कोसळली असती ना. कठोर आई आणि बिचारी लेक, ऐकायला बरं वाटतं. तरीही तू वर बघायला हवं होतंस. किसणी खाली ठेवायला हवी होतीस. तो राग माझा अजून खरा आहे, तो मी सोडणार नाही.

काल पोरीचा मेसेज आला. 'पंचवीसला दोघं येतोय. झाडाबद्दल बोलायचं नाही.' एवढाच. मी दहा वेळा वाचला. जावयाला आवडतात म्हणून करंज्यांबरोबर शंकरपाळ्या करायला घेतल्या. पण तिला हलकं वाटलं असेल का, हे मला कसं कळणार? मला वाटलं म्हणून तिलाही वाटावं, असं कुठं आहे? तिला कदाचित अजून एकदा करून बघायचं असेल, तिला थांबायचंच नसेल. तसं असेल तर मी नुसतंच तिच्या हातातलं काढून घेतलं, आणि वर बघितलंही नाही. हे तिला विचारायला हवं. भज्यांचं तिला सांगायला हवं. फोन हातात घेते, नाव काढते, आणि ठेवून देते. आज दुपारपासून चार वेळा झालं.

तू उलट बोलत नाहीस, फोन आपटत नाहीस, तुझा चेहरा पडलेला मला बघावा लागत नाही. म्हणून एवढी पानं तुझ्या नावानं भरली. खरं तर हे सगळं तिला लिहायला बसले होते. पहिल्या ओळीत तिचं नाव घालायचा धीर झाला नाही, म्हणून 'आई' लिहिलं.